चातुर्मासापुरता फुल फ्रेम

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या फोटोग्राफरचा कॅमेरा आषाढीपासून कार्तिकीपर्यंत बहुतेक कपाटातच असतो. हल्ली गौणकाळ, म्हणजे दुय्यम मुहूर्त काढून काही जण उरकतात म्हणा, पण ते मोजकेच. माझा भाचा साताऱ्यात याच धंद्यात आहे. त्याच्याकडे निकॉनच्या झेड सिक्स टूच्या दोन बॉडी आहेत आणि पावसाळा लागला की लेन्सला बुरशी धरेल या काळजीने त्याला झोप लागत नाही. "मामा, एक तुम्हीच न्या की. तुमच्याकडं सिलिका जेल तरी फुकटात असतंय." यात खोटं काही नाही. माझं औषधांचं दुकान आहे आणि गोळ्यांच्या डब्यांतल्या त्या पुड्या मी फेकत नाही. असा हा फुल फ्रेम, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा, चातुर्मासभर माझ्याकडे मुक्कामाला आला. सोबत २४-१२० एफ ४ लेन्स (पहिले आकडे झूमचे, एफ लेन्सच्या भोकाचा; तो लहान तितकं भोक मोठं) आणि माझ्या जुन्या लेन्सा बसवायला एफटीझेड अडॅप्टर.

माझा स्वतःचा कॅमेरा डी ७५००, २०१७ सालचं मॉडेल. डीएक्स सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, ज्याला फोटोवाली मंडळी नाक मुरडत 'क्रॉप' म्हणतात. कास पठाराच्या रस्त्यावर गळ्यात कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न हाच येतो, "फुल फ्रेम का?" नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जरा दया येते. दुकान सांभाळून सकाळी दोन तास फोटो काढणाऱ्या माणसाला मोठ्या सेन्सरने नक्की काय मिळतं, एवढंच मला बघायचं होतं.

हिशेब आधी. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. माझा साडेतेवीस बाय पावणेसोळा. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे प्रकाशाच्या भाषेत साधारण सव्वा स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). हे माप काही सेन्सरवाल्यांनी ठरवलेलं नाही. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून लायकाने १९२५ साली जो छोटा कॅमेरा विकायला काढला, त्याची ती चौकट. डिजिटल आल्यावर खुद्द निकॉनकडे २००७ च्या डी ३ पर्यंत फुल फ्रेम नव्हताच. १९९९ च्या डी १ पासून तोवर वर्तमानपत्रांचे निकॉनवाले फोटोग्राफर या 'क्रॉप'वरच पोट भरत होते, आणि डी १ तर पावणेतीन मेगापिक्सेलचाही नव्हता.

तुलना करायला माझ्या हाताशी एक नामी जोडी होती. माझी नेहमीची लेन्स डीएक्सची १६-८० एफ २.८-४. फुल फ्रेमची चौकट दीडपट रुंद, म्हणून दीडने गुणलं की नेमकी २४-१२० होते, म्हणजे भाच्याच्या लेन्समधून जेवढं दिसतं तेवढंच माझ्यातून. वजनाची ओरड ऐकली होती, म्हणून दुकानातल्या काट्यावर दोन्ही ठेवले. लेन्ससकट माझा संच बाराशे ग्रॅमच्या आसपास, त्याचा साडेतेराशेच्या आत. अर्धा पाव जास्त. एवढ्यासाठी मान दुखते म्हणणाऱ्याने मानेचं औषध घ्यावं. मोठ्या उघडझापीच्या जाडजूड लेन्सा घेतल्या तर गोष्ट वेगळी, पण त्या घेणाऱ्याला वजन आधीच माहीत असतं.

आता कास. भाद्रपदात यवतेश्वरचा घाट चढताना धुकं इतकं असतं की गाडीचे वायपर थांबवता येत नाहीत. पठारावर पायवाट सोडून आत पाऊल टाकायचं नाही, आणि टाकूही नये, त्यामुळे काठावर जे हाताशी येईल त्यावरच भागवायचं. मला त्या पठाराच्या रुंद निळ्या गालिच्यापेक्षा एकेकट्या फुलात रस आहे. सीतेची आसवं हे फूल जेमतेम सेंटिमीटरभराचं. निळसर जांभळा खालचा ओठ, मध्यभागी पांढुरका डाग, आणि खाली नाजूक देठ जो श्वासानेही हलतो. ही वनस्पती मातीतल्या बारीक फुग्यांत जीव पकडून खाते, पण वर बघून कुणाला शंकाही येणार नाही. शेजारीच दवबिंदू असतो, पानांच्या केसांवर चिकट थेंब घेऊन. पहाटे त्यावर खरं दव आणि हे चिकट थेंब असे दोन्ही असतात. लेन्समधून कोणतं कोणतं हे ओळखायला नीट बघावं लागतं. दव गोल आणि स्वच्छ, चिकट थेंब लालसर केसाच्या टोकाला लटकलेला.

माझ्याकडे निकॉनची १०५ ची मायक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स आहे, दुसऱ्या हाताची. ती अडॅप्टरने झेड सिक्स टूवरही चालते, ऑटोफोकससकट. म्हणजे लेन्स तीच, फूल तेच, फक्त मागचा सेन्सर वेगळा. आणि इथेच माझा समज पक्का झाला. आसव जितकं चौकट भरून माझ्या डी ७५०० मध्ये आलं, तितकंच फुल फ्रेममध्ये आणायला मला आणखी पुढे झुकावं लागलं. एकास एक प्रमाणात ही लेन्स माझ्या कॅमेऱ्यात चोवीस मिलिमीटर रुंद जागा भरते, त्याच्यात छत्तीस. सेंटिमीटरभराच्या फुलाला कोणती चौकट सोयीची हे वेगळं सांगायला नको. पुढे झुकलं की लेन्सची सावली फुलावर, नाहीतर कोपर शेजारच्या गेंदावर.

बरं, झुकलो. पण मग फोकसची खोली कमी पडते. माझ्या कॅमेऱ्यात एफ ८ ला वरचा ओठ आणि खालचा ओठ दोन्ही नीट येत होते. तशीच खोली फुल फ्रेममध्ये हवी तर एफ १२ च्या जवळ जावं लागतं. वाऱ्यात शटरचा वेग १/३२० सेकंदाच्या खाली आणता येत नाही, तेव्हा उरतो आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता; तो वाढवला की फोटोत दाणा येतो. माझा ८०० ला होता, तो त्याच्यात १८०० वर न्यावा लागला. सव्वा स्टॉपचा जो फायदा म्हणून नाचायचं, तो जागच्या जागी जिरला. घरी कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो शंभर टक्क्यांवर मोठे केले, तर दाणा सारखाच. छोट्या फुलांच्या मागे लागणाऱ्याला मोठा सेन्सर फार तर कुंपणापर्यंत सोबत करतो.

कासमध्येच आणखी एक गोष्ट खटकली, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. झेड सिक्स टू बंद केला तरी शटर उघडंच राहतं. लेन्स काढली की सेन्सर थेट समोर. भुरभुर पावसात लेन्स बदलताना मी प्रत्येक वेळी छत्री मानेत धरली आहे. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात आरसा आणि शटर मध्ये असतात, तिथे असली धाकधूक नाही.

पक्ष्यांचं तर एका परिच्छेदात संपतं. क्षेत्र माहुलीच्या घाटावर, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे, सकाळी खंड्या बसतो. माझी सगळ्यात लांब लेन्स ७०-३००. डी ७५०० वर तेवढ्या चौकटीत मला जवळपास २१ मेगापिक्सेल मिळतात. फुल फ्रेमवर तीच लेन्स लावून तेवढाच तुकडा कापला तर उरतात साडेदहा. लांब लेन्स घ्यायची ऐपत नसेल तर लहान सेन्सर हाच तुमचा टेलिकन्व्हर्टर, लांबचं जवळ आणणारा.

आता उलट बाजू, कारण ती खरी आहे. कार्तिकात आमच्या सासुरवाडीच्या गावी विठ्ठलाच्या देवळात काकडा असतो. पहाटे पाचला गाभाऱ्यात समई, सभामंडपात एक ट्यूब, तीही दाराकडच्या टोकाला. टाळ वाजवणारे हात थांबत नाहीत, त्यामुळे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन कितीही चांगलं असलं तरी इथे कामाचं नाही. ते तुमचा हात स्थिर करतं, टाळकऱ्याचा नाही. दोन्ही कॅमेरे एफ ४, १/१२५, आयएसओ १२,८०० वर. मागच्या रांगेतल्या एका आजोबांचा चेहरा समईकडे, डोक्यावर पांढरा रुमाल बांधलेला, आणि कपाळावर त्या रुमालाची सावली. माझ्या फोटोत ती सावली हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांनी भरली. भाच्याच्या कॅमेऱ्यात ती सावली सावलीच राहिली, वर बुक्क्याची रेघही शाबूत. याला उत्तर नाही. अंधार आणि हालचाल एकत्र आले की मोठा सेन्सर जिंकतो.

नाही म्हणायला एक पळवाट आहे. माझ्याकडे डीएक्सची ३५ एफ १.८ आहे, दोनशे ग्रॅमची, नवी घेतली तरी स्वस्तात येणारी. ती लावली तर एफ ४ पासून सव्वादोन स्टॉपपेक्षा जास्त प्रकाश मिळतो आणि आयएसओ १२,८०० वरून अडीच हजारांच्या आसपास येतो. म्हणजे लाखाच्या घरातल्या झूमसकट उभा असलेला फुल फ्रेम मागे पडला. अर्थात भाच्याने त्याच्या बॉडीला ५० एफ १.८ लावली की तो पुन्हा पुढे. आणि ३५ ला झूम नाही, आजोबांच्या जवळ जाऊन बसावं लागतं. देऊळ लहान आहे, लोक ओळखीचे आहेत, मी बसलो. लग्नाच्या हॉलमध्ये असं मांडी घालून बसता येत नाही.

माणसांच्या फोटोत मागची पार्श्वभूमी फुल फ्रेमवर गरम भातावरच्या तुपासारखी विरघळते, हेही मान्य. माझ्या बायकोने दोन फोटो बघून ज्यात तिची साडी चांगली दिसते तो निवडला. तो माझ्या कॅमेऱ्यातला निघाला, पण याला पुरावा म्हणू नये.

छापून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. डी ७५०० चा फोटो ५५६८ बाय ३७१२ पिक्सेलचा. इंचाला तीनशे ठिपक्यांनी भागलं की साडेअठरा बाय सव्वाबारा इंच येतात, म्हणजे बारा-अठराची प्रिंट चपखल. कुमुदिनी तळ्याचा एकच फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी, तिपाईवर, आयएसओ १०० ला काढलेला, बारा-अठरात छापून काउंटरमागे शेजारी शेजारी लावला. औषधाला आलेल्यांनी कास कधी फुलतं, बुकिंग कसं करायचं, आत गाडी जाते का, एवढं सगळं विचारलं. दोन फोटो दोन कॅमेऱ्यांचे आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लॅबमधल्या मुलाने मात्र काकड्याच्या प्रिंट हातात घेताच बोट ठेवलं, "काका, ही दुसऱ्या बॉडीची ना?" धंद्यातली नजर.

एक गफलत सोडवली पाहिजे. या काही महिन्यांत मला झेड सिक्स टूचं जे खरोखर आवडलं, त्यातलं निम्मं फुल फ्रेममुळे नाहीच. खिडकीत डोळा लावला की फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, पापणीवर फोकस आपोआप बसतो, देवळात शटरचा आवाज बंद करता येतो. हे सगळं मिररलेसचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचं देणं. निकॉनने २०२४ च्या अखेरीस आणलेल्या झेड ५० टूमध्ये माझ्याच मापाचा सेन्सर आहे आणि या सोयी आहेत. लोक जुना आरशाचा क्रॉप टाकून नवा मिररलेस फुल फ्रेम घेतात आणि सगळं श्रेय सेन्सरला देऊन मोकळे होतात.

भाच्याला मात्र तो हवाच, आणि त्याला सेन्सरपेक्षा मोठं एक कारण आहे. झेड सिक्स टूमध्ये कार्डाच्या दोन खाचा आहेत, माझ्यात एक. सप्तपदी चालू असताना कार्ड बंद पडलं तर नवरा-नवरीला "परत एकदा फिरा" म्हणता येत नाही. माझं कार्ड बंद पडलं तर सीतेची आसवं पुढच्या भाद्रपदात पुन्हा येतील. आकाशगंगा टिपायला बामणोलीच्या बाजूला रात्री जाणाऱ्यांनीही फुल फ्रेम खुशाल घ्यावा. त्यांची अंधाराशीच गाठ असते.

बाकी आपल्यासारख्यांनी बॉडीवर दीड लाखाच्या घरात पैसे घालण्याआधी पिशवीतल्या लेन्सा बघाव्यात. किटच्या १८-५५ वर फुल फ्रेमचं स्वप्न बघणारे मी बरेच पाहिले. त्यांना मायक्रो लेन्स, ३५ एफ १.८ आणि पाय सपाट पसरून जमिनीलगत बसणारी तिपाई, एवढं घेऊनही पैसे उरतील. कुणाला बॉडीच बदलायची असेल तर झेड ५० टू हातात घेऊन बघा. फक्त त्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही, तेव्हा लेन्स व्हीआरची, म्हणजे स्टॅबिलायझेशन असलेली, मागून घ्या.