आखडलेला खांदा आणि हातांनी केले जाणारे उपचार : काही महिन्यांनंतरचा अनुभव

डावा खांदा आखडल्यापासून गेले काही महिने मी वडोदऱ्यातील एका केंद्रात हातांनी केले जाणारे उपचार घेत आहे. दांडिया बाजारातील मराठी घरांना ही विद्या परकी नाही. मालिश किंवा सांधे बसवणे असा विषय निघाला की जुम्मादादा व्यायाम मंदिर या तिथल्या आखाड्याचे आणि तो चालवणाऱ्या प्रा. माणिकरावांचे नाव वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही येते.

शरीर आपला तोल स्वतःच सावरते आणि हात फक्त त्याला मदत करतात, असे उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले. फ्रोझन शोल्डरच्या, म्हणजे खांदा आखडण्याच्या, बाबतीत हे विधान तपासणे अवघड आहे, कारण हा विकार बहुतेकांमध्ये साधारण १ ते ३ वर्षांत बऱ्याच अंशी आपोआपच ओसरतो आणि त्या काळात जो उपचार चालू असेल, त्याच्याच पदरात श्रेय पडते. म्हणून खांदा किती सुटला यापेक्षा, उपचार झाल्यानंतरच्या दोन दिवसांत काय बदलते, याकडे मी लक्ष दिले.

बदल निश्चित जाणवला. सांध्याभोवतीचे आवरण जाड आणि आकसलेले असते. ते पाऊण तासाच्या दाबाने सैल होत नाही. मात्र दुखण्याच्या धास्तीने मान, पाठ आणि दंडाचे स्नायू सतत आवळलेले राहतात, आणि हा ताण हातांच्या संथ स्पर्शाने खरोखर उतरतो. त्वचेतील काही मंदगती मज्जातंतू सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर वेगाने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात; बाईंचा हात जवळजवळ त्याच गतीने फिरतो, श्वास लांबतो आणि त्या रात्री डाव्या कुशीवर वळता येते. दुसऱ्या दिवशी भिंतीवर बोटांनी वर चढण्याचा आणि काठीचा व्यायाम कमी वेदनेत होतो. माझ्या मते उपचाराचे खरे मोल या सवलतीत आहे. व्यायाम चुकला की तिसऱ्या दिवशी खांदा पुन्हा पहिल्याइतकाच आखडतो.

त्याच केंद्रात कवटीवर अलगद हात ठेवून मेंदूभोवतीच्या द्रवाची लय ओळखण्याचाही उपचार आहे. पडून राहायला तो सुखद वाटला, परंतु एकाच व्यक्तीची ही लय मोजताना वेगवेगळ्या तज्ज्ञांचे निष्कर्ष जुळत नाहीत, असे तपासण्यांत आढळले आहे. त्यामुळे त्यासाठी मी पुन्हा पैसे मोजले नाहीत. मालिशनंतर भरपूर पाणी प्यायल्याने शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, हा तेथील आवडता सल्लाही मला पटला नाही. पाणी मी तहान लागली म्हणून प्यायले.

आता हात मागे नेऊन केसांना पिन लावता येते, पण पाठीच्या मध्यापर्यंत तो अजून पोहोचत नाही. शुल्क मध्यम आहे, वेळ पाळली जाते, आणि दुखले की बाई लगेच थांबतात, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी, तसेच पायात रक्ताची गाठ असल्याची शंका असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे उपचार घेऊ नयेत. खांदा आखडण्याचे प्रमाण मधुमेहींमध्ये अधिक असते, त्यामुळे वेळ ठरवण्याआधी एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी.