लिनक्स मिंटवर नऊ महिने: अकरा वर्षांचा पीसी, मराठीचं काम आणि एक दिवाळी अंक

माझ्या टेबलाखालचा सीपीयू २०१४ सालचा आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. माझं काम अनुवाद, मुद्रितशोधन आणि वर्षातून चार-पाच स्मरणिका किंवा अंक लावून देण्याचं. या कामाला हे मशीन अजून पुरतं. अडचण एकच होती: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. माझा चौथ्या पिढीचा. म्हणजे सरळ वाटेनं अपग्रेड नाही.

दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, हे आता काढून टाका. पस्तीस-चाळीस हजारांत चांगलं बसवून देतो. नाहीतर याच्यावरच दुसऱ्या मार्गानं अकरा टाकून देतो, सगळे टाकतात." दुसरा मार्ग आहे, चालतोही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. माझ्या मशीनवर लोकांची हस्तलिखितं असतात, छापायच्या आधीची. तिथे मला हमी हवी होती.

शेवटी गुढीपाडव्याच्या दिवशी, ३० मार्च २०२५ ला, लिनक्स मिंट २२.१ टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम. सिनॅमन आवृत्ती, म्हणजे मिंटचा नेहमीचा डेस्कटॉप. आता डिसेंबर आहे. मधे एक अख्खा दिवाळी अंक याच्यावर झाला, म्हणून आता बोलायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर फक्त कौतुक झालं असतं.

आधी वेगाबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. पूर्वी बटण दाबून मी चहा टाकायला जायचे, आता पदर खोचेपर्यंत मशीन तयार असतं. पण याचं सगळं श्रेय मिंटला देणं बरोबर नाही. त्याच दिवशी मी २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली आणि रॅम ८ जीबी केली. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर कुठलीही सिस्टीम रडतच चालते. नवीन पीसीचा विचार करत असाल तर आधी एसएसडी टाकून बघा, मग ठरवा.

टाकण्याआधी दोन दिवस मी मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून बघितलं. याला लाइव्ह म्हणतात. डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही आणि आपल्या मशीनला काय जमतं, काय नाही हे आधीच कळतं. ही पायरी कुणीही गाळू नये. मला यातच कळलं की माझा वाय-फायचा छोटा डोंगल ओळखला जात नाही. फोन यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग केलं, इंटरनेट लगेच सुरू झालं. पुढे डोंगल बदलला.

विंडोज मी काढलं नाही. जुन्या डिस्कवर ते आहे तसंच ठेवलं आणि मिंट नव्या एसएसडीवर. चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "अगं, हे घड्याळ पहाटेचे पाच दाखवतंय." त्यांनी जुन्या सवयीनं विंडोज चालू केलं होतं. झालं होतं असं, की मदरबोर्डवरच्या घड्याळात मिंट ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं. आपल्याकडे फरक बरोबर साडेपाच तासांचा. मिंटमध्ये एका कमांडनं हे जुळवता येतं. आणखी एक, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि मिंटमधून त्या डिस्कवरच्या फाईली फक्त वाचता येतात, सेव्ह करता येत नाहीत. माझी एक संध्याकाळ यात गेली.

आता मराठी. मला ज्याची सगळ्यात जास्त धास्ती होती ते सगळ्यात सोपं निघालं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कळमांडणी) निवडायचं, बास. वेगळं सॉफ्टवेअर नाही, ते चालवायला मशीनला लावायचं हार्डवेअर लॉक नाही. ज्यांना रोमन अक्षरांवरून मराठी टाइप करायची सवय आहे त्यांना आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायचं साधन) आणि त्याचं एम१७एन पॅकेज घ्यावं लागतं. त्यात रोमनवरून मराठी टाइप करायची गमभन पद्धतसुद्धा आहे, जुन्या आंतरजालकरांना ते आठवत असेल. मी इनस्क्रिप्टवाली. 'पुढाऱ्यांनी' मधला ऱ्या माझी बोटं न बघता काढतात: शिफ्ट धरून 'जे'चं बटण, मग 'डी'चं हलंत, मग य. पहिल्या दिवसापासून तो नीट उमटला, लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर), फायरफॉक्समध्ये, फाईलच्या नावातसुद्धा.

ल आणि श यांची वळणं मात्र आधी हिंदीची आली. मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते खुपतं. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे हिंदी काढून मराठी निवडलं, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणं दिलेली आहेत त्यांत ती तत्काळ आली. हे सेटिंग शोधायला मला पंधरा दिवस लागले, तुम्हाला पाच मिनिटं लागावीत म्हणून लिहिते आहे.

मग ऑगस्ट आला आणि दिवाळी अंकाचं काम सुरू झालं. १२८ पानं, म्हणजे सोळा पानी आठ फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच). सगळा मजकूर वर्डच्या फाईलींमध्ये, मागच्या वर्षीच्या साच्यात. मी ती मुख्य फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडली आणि खाली बघितलं तर १३१ पानं. छापखान्याच्या काकांना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, तीन पानांसाठी मी नवा फर्मा लावू का? कागदाचा हिशोब झालाय." बरोबर होतं त्यांचं.

कारण शोधलं. साचा मंगल फॉन्टमध्ये होता. मंगल विंडोजबरोबर येतो, मिंटमध्ये तो नसतो. त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट बसला, त्याची रुंदी आणि ओळींमधलं अंतर वेगळं, मग प्रत्येक परिच्छेद थोडा थोडा सरकला आणि १२८ पानांत तीन पानं वाढली. यात चूक मिंटची नाही, वर्डची नाही, लिब्रेऑफिसची नाही. दहा वर्षं मी साचा एका सिस्टीमच्या फॉन्टला बांधून ठेवला होता. दोन दिवस बसून सगळ्या स्टाईल नव्यानं बांधल्या. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता घेतला, तो खुला आहे, कुठल्याही सिस्टीमवर टाकता येतो. शीर्षकांसाठी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. अंक १२८ पानांतच बसला आणि छापखान्याला फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ दिली. एकही अक्षर तुटलं नाही. काकांनी पहिला फर्मा दाखवला तेव्हा मी प्रत्येक पानावरचे रफार तपासले. सगळे जागेवर.

याच अंकात मुद्रितशोधनाच्या वेळी आणखी एक गोष्ट सापडली. एका लेखात 'पुढाऱ्यांनी' हा शब्द मी शोधला. डोळ्यांना बारा वेळा दिसत होता, शोधात सातच सापडले. उरलेल्या पाचांत ऱ्या वेगळ्या पद्धतीनं टाइप केलेला होता: साधा र, हलंत, मग न दिसणारा जोडक, मग य. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही एकसारखे, फाईलच्या पोटात वेगळे. वर्षानुवर्षं मी 'सगळे बदला' म्हणून निर्धास्त व्हायचे, तेव्हा असे किती सुटले असतील याचा विचार करून वाईट वाटलं. आता प्रत्येक फाईल आली की आधी तो जोडक शोधून सगळे ऱ्य एका पद्धतीचे करून घेते, मगच वाचायला बसते.

म्हणून मित्रमैत्रिणींना मी सांगते की सिस्टीम बदलणं हे एका रविवारचं काम आहे. खरं काम आपल्या फाईलींचं आहे. मराठीत आपण वीस-पंचवीस वर्षं जे टाइप केलं त्यातलं बरंच युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, नाही. ते मराठी दिसणाऱ्या फॉन्टमध्ये आहे, आणि फॉन्ट काढला की खाली रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं उरतात. मिंटमध्ये माझी २००६ ची फाईल उघडली तेव्हा नेमकं हेच दिसलं. जुना फॉन्ट मिंटमध्ये टाकला तर मजकूर वाचता येतो. पण त्यात टाइप करायचं तर त्याचं कीबोर्डचं सॉफ्टवेअर लागतं, आणि माझ्याकडचं फक्त विंडोजवर, तेही हार्डवेअर लॉक लावूनच चालतं. तेवढ्यासाठी जुनी डिस्क अजून जोडलेली आहे. तिला इंटरनेट मात्र देत नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. घरातला वाय-फायवरचा इंकजेट प्रिंटर मिंटनं स्वतःहून शोधला, ड्रायव्हर टाकावा लागला नाही. जुना लेझर प्रिंटर मात्र चाललाच नाही. त्याच्या कंपनीनं लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर फार जुना आहे, तीन संध्याकाळी घालवून मी नाद सोडला. प्रुफं इंकजेटवर काढणं महाग पडतं, आणि हा तोटा नऊ महिन्यांनंतरही तसाच आहे. बँक, वीजबिल, व्हॉट्सअॅप हे सगळं ब्राउझरमधून चालतं. मराठी शुद्धलेखन तपासणीचा विस्तार वेगळा टाकावा लागतो आणि विभक्ती लागलेल्या शब्दांना तो बऱ्याचदा चूक ठरवतो, त्यावर विसंबू नका.

अपडेटबद्दल मला मनापासून बरं वाटतं. खाली पट्टीत ढालीचं चिन्ह असतं, अपडेट आलं की त्यावर ठिपका दिसतो. मी काम संपवून रात्री ते करते. कामाच्या मधे मशीन स्वतःहून एकदाही बंद होऊन चालू झालेलं नाही. दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये २२.१ वरून २२.२ वर गेले, त्याच अपडेट मॅनेजरमधून, अर्ध्या तासात. कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर, सगळं होतं तिथेच. २२ च्या या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर हा सीपीयू पंधरा वर्षांचा होईल.

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची आधीची स्थिती जपून ठेवणारं मिंटमधलं साधन, पहिल्याच दिवशी चालू करा. जूनमध्ये जागा मोकळी करताना मी एक पॅकेज काढलं, त्याच्याबरोबर काय काय जाणार आहे ती यादी पुढे आली होती, ती न वाचता हो म्हटलं. पुन्हा चालू केलं तर पट्टी नाही, मेनू नाही, काळा पडदा. पोटात गोळा आला. पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून टाइमशिफ्टमधली आदल्या दिवशीची नोंद परत आणली, वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. पण लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट मुळात सिस्टीम जपतं, तुमच्या होम फोल्डरमधल्या फाईली नाही. त्यांचा बॅकअप वेगळा, बाहेरच्या डिस्कवर. हस्तलिखित गेलं तर ते कुठलंच टाइमशिफ्ट आणून देणार नाही.

ज्यांचं पोट पेजमेकर, कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपवर आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ती सॉफ्टवेअरं लिनक्ससाठी नाहीत आणि ओढूनताणून चालवण्यात ग्राहकाचा वेळ जातो. माझ्या दिरांचं दुकान टॅलीवर चालतं, त्यांनी विचारलं तेव्हा मी स्पष्ट नको म्हणाले. विंडोज १० वरच थांबायचं असेल तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, ती तरी नोंदवून घ्या. उघड्या दारानं बसू नका.

बाबांनी आता विंडोज चालू करणं सोडलं आहे. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, शाळेत मराठी शिकवायचे. त्यांच्यासाठी अक्षरं मोठी केली, पट्टीवर फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसचा रायटर एवढ्या दोनच खुणा ठेवल्या. निवृत्तीनंतर त्यांनी लिहिलेले लेखही त्या जुन्या फॉन्टमध्येच अडकलेले आहेत. रोज संध्याकाळी आम्ही एक फाईल युनिकोडमध्ये आणतो. कन्व्हर्टर बहुतेक काम करतो, पण रफारावर अडखळतो. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये त्याचा र् अक्षराच्या आधी लागतो, म्हणून 'कार्य'चं 'कायर्' होऊन बसतं. पहिल्या वेलांटीचंही तसंच, ती पूर्वी अक्षराच्या आधी असायची. मी फाईल बदलून देते, बाबा मूळ छापील अंक मांडीवर घेऊन ओळीनं ओळ वाचतात आणि मी दुरुस्त करते.

एकूण ३४० फाईली आहेत. काल रात्री ११२ वी झाली, २००९ सालची.