गरजा मोजाव्यात की ऐकाव्यात? प्रश्नावली आणि सहभागी पाहणी

वस्तीच्या गरजा ठरवताना संशोधकापुढे सहसा दोन वाटा असतात: निवडक घरांतून प्रश्नावली भरून घेणे, किंवा लोकांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच वस्तीचा नकाशा आणि गरजांचा अग्रक्रम काढून घेणे. प्रश्नावलीचे बळ आकड्यांत आहे. नमुना खरोखर यादृच्छिक असेल, म्हणजे प्रत्येक घर निवडले जाण्याची शक्यता सारखी असेल, तर सुमारे 400 उत्तरांवरून मोठ्या लोकसंख्येतील प्रमाण 95 टक्के विश्वासपातळीवर (असे नमुने पुन्हा पुन्हा घेतले, तर शंभरांतले सुमारे 95 वेळा) साधारण 5 टक्क्यांच्या फरकाने सांगता येते, आणि निधी देणाऱ्यांना (दुर्दैवाने पुष्कळदा केवळ) तेवढेच हवे असते.

ब्रिटिश समाजधोरण-अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी 1972 मध्ये गरजांचे चार प्रकार मांडले: तज्ज्ञांनी ठरवलेली, लोकांना जाणवणारी, मागणीतून व्यक्त झालेली आणि तुलनेतून दिसणारी. आधीच ठरवलेल्या पर्यायांची प्रश्नावली बहुधा पहिल्या प्रकारातच घुटमळते. ‘घराजवळ नळ आहे का?’ या प्रश्नापुढे ‘होय’वर खूण होते आणि विषय मिटतो. तोच नळ जमिनीवर खडूने काढलेल्या नकाशात दाखवला, की मागे उभी असलेली एखादी बाई पुढे येऊन सांगते, की नळ आहे, पण तिथवरच्या वाटेवर दिवा नाही.

ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनातून रूढ झालेल्या या सहभागी पद्धतीत मोठ्या आवाजाची माणसे इतरांना झाकून टाकतात, म्हणून स्त्रिया, तरुण व भाडेकरू यांच्या बैठका वेगळ्या घ्याव्या लागतात. दोन्हींसाठी वेळ असेल, तर मी आधी नकाशा काढून घेईन आणि दिव्याचा प्रश्न त्यानंतर छापल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत घालीन.