पाच वॉटचा डिस्चार्ज आणि गोव्याचा पावसाळा : एका चार्जरचा वर्षभराचा अनुभव

सहा सेलपर्यंतच्या बॅटरी पॅकना चालणारा, ५० वॉटचा हा लहान चार्जर मॉडेल विमाने उडवणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा आहे, म्हणून चार्जिंगविषयी थोडक्यातच लिहितो. चार्जिंग उत्तम होते, सेल नीट बॅलन्स होतात (सर्वांचे व्होल्टेज सारखे होते) आणि पडद्यावर दिसणारे व्होल्टेज माझ्या मीटरशी जुळते. तक्रार आहे ती स्टोरेज मोडविषयी, म्हणजे पॅक साठवणीच्या पातळीला आणण्याच्या सोयीविषयी, आणि गोव्यात राहणाऱ्याला हाच मोड सर्वांत जास्त लागतो.

जूनपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) आमच्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, विमान कधी उडवता येईल याचा काही भरवसा नसतो. सकाळी आभाळ मोकळे दिसते, पॅक भरून ठेवावेत तर दहाच्या सुमारास पाऊस कोसळतो आणि पुढचा आठवडाभर थांबत नाही. अशा वेळी प्रति सेल ४.२० व्होल्टला भरलेला लिपो (लिथियम-पॉलिमर) पॅक तसाच पडून राहिला, तर आतल्या इलेक्ट्रोलाइटचे हळूहळू विघटन होते, वायू तयार होऊन पॅक फुगतो आणि अंतर्गत रोध वाढत जातो. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून न वापरलेला पॅक प्रति सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टपर्यंत उतरवून ठेवावा लागतो.

हा चार्जर ते करतो, पण डिस्चार्जसाठी त्याची कमाल क्षमता केवळ ५ वॉट आहे. खोक्यावर ५० वॉट हा आकडा ठळक छापलेला आहे. ५ वॉटचा उल्लेख माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या तक्त्यात आहे. माझा चार सेलचा २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) पॅक पूर्ण भरलेल्या स्थितीतून साठवणीच्या पातळीला आणायचा म्हणजे साधारण एक अँपिअर-तास, अर्थात सुमारे १६ वॉट-तास ऊर्जा बाहेर काढायची. पाच वॉटने त्याला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. सुरक्षा टायमर मात्र कारखान्यातूनच १२० मिनिटांवर लावलेला असतो. दोन तास झाले की चार्जर वेळ संपल्याचा संदेश देऊन थांबतो आणि पॅक ३.९५ व्होल्टच्या आसपास अडकतो. स्टोरेज लावून निश्चिंतपणे झोपायला गेलेल्या माणसाचा पॅक सकाळी अर्ध्यावरच असतो. विक्रेत्याला फोन केला तेव्हा हा दोष नाही, पुस्तिकेत सर्व लिहिलेले आहे, असे उत्तर मिळाले. उत्तर शब्दशः खरे आहे, पण स्टोरेज हे नाव देऊन विकलेले काम नेहमीच्या पॅकवर पूर्ण होत नसेल, तर ते खोक्यावर स्पष्ट लिहायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

दोन महिने मी हा चार्जर कोणालाही घेऊ नका असेच सांगत होतो. पुढे सेटिंग नीट वाचल्यावर ते मत मी थोडे बदलले. टायमर वाढवता येतो, परंतु चार्ज आणि डिस्चार्ज यांसाठी तो एकच असल्यामुळे डिस्चार्जसाठी सैल केला की चार्जिंगचे संरक्षणही सैल होते. त्यावर उपाय म्हणून क्षमतेची मर्यादा, म्हणजे किती एमएएच झाल्यावर थांबायचे ते, स्वतंत्रपणे लावता येते. मी ती २४०० एमएएचवर ठेवली आणि टायमर २४० मिनिटांचा केला. चार्जिंगमध्ये काही बिघडले तरी क्षमतेची मर्यादा त्याला अडवते. प्रश्न उरतो तो विजेचा. पावसात वीज गेली आणि परत आली की हा चार्जर काम पुढे चालू करत नाही, मुख्य मेनूवर येऊन थांबतो. शिवाय लिपो जोडलेला असताना घरात कोणीतरी जागे असणे आवश्यक आहे, आणि तीन पॅकसाठी सलग दहा तास पहारा देणे शक्य नाही.

म्हणून आता पॅक उतरवायला मी ट्रकचा २४ व्होल्ट ७० वॉटचा हॅलोजन बल्ब थेट पॅकला जोडतो. चार सेलच्या व्होल्टेजवर तो मंद पेटतो, तरीही काम अर्ध्या तासाच्या आत होते. तीन सेलसाठी १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब पुरतो. बल्ब फार तापतो, म्हणून तो मंगलोरी कौलावर ठेवतो आणि बॅलन्स वायरला (प्रत्येक सेलपासून निघणाऱ्या बारीक तारांना) ३.८ व्होल्टवर लावलेला बझर जोडतो. बझर फक्त ओरडतो, वीज तोडत नाही, त्यामुळे जागेवरून उठायचे नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की पॅक खराब झालाच. भार काढल्यावर व्होल्टेज थोडे वर येते, आणि उरलेली बारीक जुळणी चार्जर काही मिनिटांत करून देतो. या कामात तो खरोखरच चांगला आहे.

पॅक फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. आमच्या दमट हवेत बाहेर काढताच त्यावर पाणी सुटते आणि बॅलन्स प्लगच्या पिना हिरव्या पडतात. एका पिनेचा संपर्क बिघडला तरी चार्जर त्या सेलचे व्होल्टेज चुकीचे वाचतो. मी सिलिका जेलच्या पुड्यांसह पॅक चिऱ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतो, तिथे ऊन येत नाही. घट्ट बंद होणारा डबा टाळतो, कारण पॅक पेटला तर वायूला बाहेर पडायला वाट हवी.

तीन सेलचे १००० एमएएचपर्यंतचे पॅक वापरणाऱ्याने हा चार्जर खुशाल घ्यावा, कारण त्याचे स्टोरेज साधारण तासाभरात संपते. चार सेलचे मोठे पॅक असतील तर खरेदीपूर्वी विक्रेत्याला डिस्चार्ज किती वॉटचा आहे हा एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तर ५ आले तर त्याच बिलात एक बल्ब आणि होल्डरही जोडावा.