आधाराविना नेम: साताऱ्यातील एका दहा मीटर रायफल रेंजवरचे सहा आठवडे

माझा भाचा अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो आणि तिथल्या रीतसर परवान्यावर हिवाळ्याच्या तोंडाला म्यूल डिअर जातीच्या हरणाची शिकार करतो. गेल्या हंगामात त्याने सुमारे 220 मीटरवरच्या हरणावर उभ्यानेच गोळी झाडली, कारण गवत कमरेएवढे उंच असल्याने पालथे झोपून नेम धरता येत नव्हता आणि बायपॉड (नळीखालचा दोन पायांचा आधार) उघडायला सवड नव्हती. गोळी मागच्या पायाला लागली. रक्ताच्या थेंबांचा माग काढत तो अंधार पडेपर्यंत चालला, आणि हरण सापडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, तेही जिवंत. “मामा, मला नेम येतो असे मी समजत होतो, मला येत होते ते फक्त टेबलावर रायफल टेकवून मारणे,” असे त्याने फोनवर सांगितले. म्हणून जूनमध्ये तो सुट्टीवर आला, तेव्हा मी त्याला आमच्या शहराच्या कडेला असलेल्या एअर रायफलच्या, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणाऱ्या रायफलीच्या, रेंजवर घेऊन गेलो. हा अभिप्राय त्या सहा आठवड्यांचा आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला चितळ आणि सांबर डोळे भरून पाहावेत, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. रेंजवरच्या प्रशिक्षक मॅडमनी पहिल्याच दिवशी हे स्पष्ट करून घेतले आणि भाच्याचा परवाना, त्याचे तिथले नियम, सराव नेमका कशासाठी हवा, हे सारे विचारल्यावरच त्याचे नाव रजिस्टरमध्ये लिहिले. मला ही चौकशी आवडली.

मी सतरा वर्षे सैन्यात होतो आणि चांदमारीवर 7.62 मिलिमीटरची एसएलआर ही लष्करी रायफल पुष्कळ चालवली आहे, त्यामुळे दहा मीटरवरून छर्रे मारून शिकाऱ्याला काय मिळणार, ही शंका माझ्याही मनात होती. मॅडमनी ती कागदावरच फेडली. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण 20 सेंटिमीटर व्यासाचा धरतात. तोच भाग 100 मीटरवर डोळ्याला जेवढा दिसेल, तेवढे वर्तुळ दहा मीटरवर 20 मिलिमीटरचे होते, आणि एअर रायफलच्या कागदी टार्गेटवरचे सहा गुणांचे वर्तुळ 20.5 मिलिमीटरचे असते. आठ गुणांचे वर्तुळ 10.5 मिलिमीटरचे, म्हणजे 200 मीटरचे हरण. तीनशे मीटरसाठी जेमतेम पावणेसात मिलिमीटर उरतात, आणि नऊ गुणांचे वर्तुळच साडेपाच मिलिमीटरचे आहे. आधाराविना उभे राहून मारलेले वीसच्या वीस छर्रे ज्या वर्तुळात बसतील, त्याच्या पलीकडच्या अंतरावर चाप ओढायचा नाही, असा हिशेब त्यांनी ठरवून दिला. सरासरी चांगली आली म्हणून भागत नाही. सर्वांत वाईट छर्रा कुठे लागला, तेच पाहायचे, कारण रानात तोच एक छर्रा हरणाच्या पायाला लागलेला असतो.

पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा छर्रे सहाच्या वर्तुळात होते. म्हणजे शंभर मीटरचाही अधिकार त्याला नव्हता, आणि गोळी झाडली होती 220 मीटरवर. तो कागद पाहून तो बराच वेळ गप्प बसला.

शिकवण्याची पद्धत ही या रेंजची खरी कमाई आहे. स्पर्धेतील खेळाडू जाड, ताठ जॅकेट घालतात. मॅडमनी भाच्याला ते घालू दिले नाही, कारण डोंगरात ते अंगावर असणार नाही. आधी डोळे मिटून नेम धरायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) टार्गेटच्या बाजूला सरकलेली दिसली, तर “हाताने रायफल ओढू नका, पाय हलवा” हे त्यांचे वाक्य आम्ही रोज ऐकले. हातांच्या जोरावर मध्यावर आणलेली रायफल चाप ओढण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परतू पाहते, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितले नव्हते. उभ्याने धरलेली रायफल कधीच स्थिर राहत नाही, ती डुलतेच. नवशिका माणूस माशी मध्यावरून जाताना झटका देऊन चाप ओढतो आणि छर्रा नेमका तिथेच बिघडतो. त्याऐवजी डुलणे लहान असेपर्यंत चापावरचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा, आणि आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची. न मारता खाली घेतलेल्या प्रत्येक नेमाची त्या रजिस्टरमध्ये वेगळी नोंद करतात, आणि ज्या दिवशी ती नोंद कोरी असे, त्या दिवशी भाच्याला बोलणी बसत. बोलणी खाऊनच तो सुधारला, असे मी ठामपणे म्हणेन.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी त्याला स्पर्धेची रायफल सोडायला लावली. तिचा चाप इतका हलका असतो की शिकारीच्या रायफलीसाठी ती सवय घातक ठरते. कोपऱ्यातली जुनी स्प्रिंग-पिस्टनची रायफल त्याच्या हाती दिली. तिच्यात पिस्टन पुढे धावत असतानाच रायफल हलते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो, त्यामुळे चाप ओढल्यावर जरा जरी नेम सोडला तरी कागदावर ते दिसते. नंतर दोन जिने धावत चढून यायचे आणि धापा टाकत असताना मारायचे, हा सरावही झाला.

उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. टार्गेट उभ्या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे 1.40 मीटर उंचीवर पक्के बसवलेले आहे, त्यामुळे गुडघ्यावर बसून मारताना नळी वर उचलावी लागते आणि बैठक चुकीची होते. दोनदा विनंती केल्यावर एका लेनमध्ये ते खाली आणले. समोरच्या टेबलामुळे मांडी घालून बसून मारता येत नाही, आणि रानात ती बैठक फार उपयोगी पडते. सहा लेनपैकी दोनच इलेक्ट्रॉनिक आहेत, एक ट्यूबलाइट सतत लुकलुकते, आणि पावसाचा जोर वाढला की पत्र्याच्या आवाजात सूचना ऐकू येत नाहीत. संध्याकाळी शाळकरी मुलांची गर्दी असते. 2024 मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून ती वाढली, असे मॅडम सांगतात. मुलांची गर्दी पाहून आनंदच होतो, पण मोठ्या माणसाला तेव्हा लेन मिळत नाही.

शेवटच्या दिवशी उभ्याने मारलेले वीसही छर्रे सहाच्या वर्तुळात होते आणि त्यांपैकी चौदा आठच्या. गुडघ्यावर बसून एकोणीस आठच्या आत गेले. एक बाहेर राहिला, म्हणून 200 मीटर मिळाले नाहीत. एअर रायफलीला शिकारीच्या रायफलीसारखा धक्का नसतो, बंद हॉलमध्ये वारा नसतो आणि समोर जिवंत प्राणी नसतो, या कारणांनी मॅडमनी आकडे आणखी खाली आणले: उभ्याने 80 मीटर, गुडघ्यावर 120. त्यापुढे आधार मिळाला तर मारायचे, नाहीतर हरण जाऊ द्यायचे. भाच्याने हे दोन आकडे टेपवर लिहून रायफलीच्या दस्त्याला चिकटवायचे ठरवले आहे.

सहा आठवड्यांचे 4,500 रुपये घेतले. छर्ऱ्यांचा डबा आपला आपण आणायचा. सकाळी सात ते नऊ ही वेळ मोठ्यांसाठी बरी. सपाट तळव्याचे बूट घालून जावे, आणि गुडघ्यावरचा सराव करायचा असेल तर टार्गेट खाली घेण्याविषयी आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.