हायड्रोजन प्लाझ्मासाठी ग्रॅफाइटच्या चकत्या: घ्या, पण आधी वजनकाटा बघा

तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी, म्हणजे हायड्रोजन प्लाझ्मात (वीज सोडून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, झालेल्या वायूत) ग्रॅफाइट किती झिजतं ते वजनाच्या घटीवरून मोजायला, आयसोस्टॅटिक (सगळ्या बाजूंनी सारखा दाब देऊन घडवलेल्या) ग्रॅफाइटच्या चकत्या (व्यास 25 मिमी, जाडी 3 मिमी, घनता घन सेंटिमीटरला 1.8 ग्रॅमच्या आसपास) मागवाव्यात का? मागवा. पोलाद भट्टीच्या फुटक्या इलेक्ट्रोडचे तुकडे भंगारात स्वस्त पडतात, पण त्यांत छिद्रं जास्त आणि कण एकाच दिशेला झोपलेले, त्यामुळे झीज प्रत्येक तोंडावर वेगळी. या चकतीचा पोत सगळीकडून सारखा आहे आणि कडाही टवकत नाहीत.

खोट एकच: लेथवरची काळी भुकटी तशीच येते. बोट फिरवलं की बोट काळं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथ द्या, मग ओव्हनमध्ये 150-200 अंशांवर रात्रभर ठेवा आणि काढली की थेट डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात). पावसाळ्यात हे टाळलं तर ओलाव्याचंच वजन मोजत बसाल.

खरी अडचण काट्याची. चौरस सेंटिमीटरला 1 मिलिअँपिअर धरून 5 तास डिस्चार्ज (वायूतून वीज सोडणं) चालवला, तर तेवढ्या जागेवर सुमारे 1.1 × 10²⁰ आयन पडतात. शंभर आयनांमागे एक कार्बन अणू गेला असं धरा. अख्ख्या चकतीची घट भरते जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. ग्रॅमचे चार दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ती शेवटच्या आकड्यात हरवते. पाच दशांशांचा काटा नसेल तर चकतीवर पैसे घालूच नका. शिवाय डिस्चार्जमध्ये बरेच आयन तीन-तीन हायड्रोजन अणूंचे असतात, म्हणजे करंटवरून काढलेला अणूंचा हिशेब कमी भरतो.

आयनांची ऊर्जा 30 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली गेली की नुसत्या धक्क्याने कार्बन उडत नाही. तरी झीज थांबत नाही, कारण हायड्रोजन कार्बनशी जुळून मिथेन आणि इतर हायड्रोकार्बन होऊन निघून जातो. साधारण 500-600 अंश सेल्सिअसला हे सर्वांत जोरात चालतं, त्याहून गरम केलं तर पुन्हा मंदावतं. तापमान न लिहिलेले आकडे म्हणून टाकाऊच. थर्मोकपलसाठी (तापमान मोजणाऱ्या तारेसाठी) बाजूने 1 मिमीचं भोक मागणी देतानाच पाडून घ्या. चकती कॅथोड (ऋण टोक) असल्याने तिच्यावर काहीशे व्होल्ट असतात. थर्मोकपल सिरॅमिक नळीत घाला, मीटर बॅटरीवरचा ठेवा आणि चालू असताना हात लावू नका.

(निघालेला कार्बन दुसरीकडे थर धरून बसतो, त्यात अणुसंमीलनाच्या यंत्रांत ट्रिटियम (इंधन म्हणून वापरला जाणारा किरणोत्सारी हायड्रोजन) अडकतं. जेट या इंग्लंडमधल्या टोकामॅकने (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणाऱ्या संमीलन यंत्राने) कार्बनच्या फरशा काढून 2011 पासून बेरिलियम-टंगस्टनची भिंत वापरली, त्यामागे हे मोठं कारण.) तुमच्या बेलजारच्या (प्रयोगाच्या घंटेसारख्या निर्वात भांड्याच्या) काचेवरही तोच पिवळट-तपकिरी थर दिसेल.

आपल्याकडे लाइन कधी जाईल नेम नाही. निर्वात करणारा पंप बंद पडला की रोटरी पंपाचं तेल उलटं चेंबरकडे चढतं आणि चकतीचं वजन चक्क वाढलेलं दिसतं. वीज जाताच आपोआप मिटणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह पंपाच्या तोंडाशी लावाच. डिफ्यूजन पंपाच्या (तेलाच्या वाफेने आणखी निर्वात करणाऱ्या पंपाच्या) थंड करणाऱ्या कॉइलला बोअरचं क्षाराचं पाणी सोडू नका, ती चोंदते. हायड्रोजनच्या लाल सिलेंडरला डाव्या आट्यांचा रेग्युलेटर लागतो. पंपाचा एक्झॉस्ट खिडकीबाहेर काढा.

चकती एकटी मागवू नका. दुसरी त्याच चेंबरमध्ये, व्होल्टेज न देता ठेवा; तेल आणि ओलाव्यामुळे तिच्या वजनात जो फरक पडेल, तो पहिलीच्या आकड्यातून वजा करा.