इम्पोर्टसाठी सीएसव्ही द्यावी की एक्सएलएसएक्स?

डेटा आत घ्यायला (इम्पोर्ट) सॉफ्टवेअर सीएसव्ही आणि एक्सएलएसएक्स (एक्सेलची नेहमीची फाईल) दोन्ही चालतं म्हणतंय आणि तुम्ही अडकलाय, तर आधी डेटा काय आहे ते बघा.

सगळ्यात जास्त वाट लागते ती कोड आणि नंबरची. सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर, त्यात कॉलम टेक्स्ट आहे की नंबर हे लिहिलेलंच नसतं, त्यामुळे ००४५२ असा आयटम कोड फाईलमध्ये बरोबर असतो पण एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की ४५२ होतो आणि तसंच सेव्ह केलं की शून्यं कायमची गेली. १५ आकड्यांपेक्षा मोठा नंबर असेल तर एक्सेलमध्ये पंधराव्यानंतरचे आकडे शून्य होतात, ते परत येत नाहीत. एक्सएलएसएक्समध्ये कॉलम आधीच टेक्स्ट करून मग डेटा भरला तर हे टळतं.

तारखांचंही तसंच, ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल? सीएसव्हीत वर्ष-महिना-दिवस असंच लिहा.

मराठी नावं असतील तर सीएसव्ही यूटीएफ-८ (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच सेव्ह करा, नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतील. एक्सएलएसएक्सला ही कटकट नाही, पण तिथे मर्ज केलेले सेल, फॉर्म्युले, लपवलेल्या रो असला कचरा सोबत जातो, तो आधी साफ करा.

रो १०,४८,५७६ च्या वर असतील तर एका शीटमध्ये मावतच नाहीत, सीएसव्हीच घ्या.

हाताने भरलेली, कोडवाली मास्टर लिस्ट असेल तर माझं मत एक्सएलएसएक्सला. एका सिस्टिममधून काढून दुसरीत टाकायचं असेल, रोज टाकायचं असेल, तर सीएसव्ही, आणि मध्ये एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका.